सासूले विनाथांबा, मायले बदलीचं

माझ्या मुलानं त्याच्या सासूला विनाथांबा विमानाचं तिकीट काढलं आणि मला बदलीचं. पुढचं सगळं या एका गोष्टीवरून झालं, म्हणून ती आधीच सांगून टाकते. यात एवढं काय, असं ज्या बाईला वाटेल तिला एकुलता एक मुलगा नसेल, किंवा त्याचं लग्न व्हायचं असेल.

विनाथांबा हा माझा शब्द. विमानाला नॉनस्टॉप म्हणतात हे मला मुलानंच सांगितलं. पण मी चौथी शिकलेली आहे आणि माझं बरंचसं वाचन एसटीच्या पाट्यांवर झालेलं आहे. पाटीवर गावाचं नाव असायचं आणि सोबत गाडीची जात. साधी, जलद, निमआराम. निमआराम म्हणजे अर्धा आराम. उरलेला अर्धा कोणाला देत होते कोण जाणे. आणि कधीमधी एखादी विनाथांबा. ती आमच्या धामणगाव बढेला कधी थांबली नाही. लांबून हॉर्न वाजवत यायची, आम्ही पिशव्या उचलून मागं सरायचो आणि ती धूळ उडवून निघून जायची. आत खिडकीला डोकं टेकून एखादी बाई झोपलेली दिसायची. ओळख ना पाळख, पण मला तिचा राग यायचा.

माझं माहेर उंद्री. तिकडं जायचं म्हणजे आधी बुलढाणा, तिथं उतरून चिखलीची गाडी, चिखलीला उतरून पुन्हा तिसरी. कडेवर हाच मुलगा, हातात पिशवी, पदर दातात. गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, तर त्या जागेवर आधीच कोणाचा तरी रुमाल. अशा बदल्या मी जन्मभर केल्या. माझी तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती विहिणीमुळं.

विहीण पुण्याची, शाळेत बाई होती, आता निवृत्त. चष्म्याला साखळी. बोलणं गोड. माझ्याशी मात्र सावकाश बोलते, मला मराठी जरा कमी कळत असल्यासारखं. लग्नात माझं बोलणं ऐकून ती म्हणाली होती, "किती गंमतशीर बोलतात ना तुमच्याकडे!" त्यानंतर लग्न उरकेपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. ते तिच्या लक्षातही आलं नाही, याचा मला जास्त राग आला.

आणि माझा मुलगा तिला 'आई' म्हणतो. आई, तुम्ही जेवलात का. आई, तुमची गोळी राहिली. मला माय. माय, जेवली काय. आता माय हाच आमच्याकडचा शब्द, तो बोलायला लागला तेव्हापासून मी मायच आहे. पण 'आई' हा शब्द त्याच्या तोंडून इस्त्री करून निघतो.

सुनेला दिवस गेले तेव्हा अमेरिकेतून त्याचा फोन आला. फोनमध्ये त्याचं कपाळ आणि घराचं छत एवढंच दिसत होतं.

"माय, दोघीबी या. पहिलं बाळंतपण माहेरचं असते, तं आई करतीन सगळं. तू नुसती बाळाले मांडीवर घेऊन बस."

नुसती. मग तिकिटाचं निघालं.

"इकडं याचे दोन रस्ते हायेत माय. एक विमान मुंबईहून उडते ते डायरेक्ट इथीच उतरते. दुसरं मधात आखातात उतरते, तिथून दुसऱ्या विमानात बसा लागते. पहिलं महाग, दुसरं स्वस्त."

"म्हणजे एक विनाथांबा अन् एक बदलीचं."

तो हसला. "हाव, तसंच समज."

"मंग मले कोणतं?"

"तुह्यासाठी बदलीचं पाहून राह्यलो. तुले एका जागी बसवते काय एवढा वेळ? गुडघे धरतीन. मधात उतरशीन, पाय मोकळे होतीन, चहा पिशीन."

"अन् तुह्या सासूले?"

कपाळ जरा बाजूला सरकलं. "त्याईचं नॉनस्टॉप काढलं."

"काऊन? तिले पाय नाहीत काय मोकळे कराले?"

"तसं नाही माय. त्या घाबरतात. एवढं मोठं विमानतळ, एकटीनं विमान बदलाचं, त्याईले नाही जमत. तुहं काय, तू कुठीबी जाशीन."

तू कुठीबी जाशीन. बोलला तो कौतुकानं, मला माहीत आहे. पण जी घाबरते तिला महागाचं आणि जी घाबरत नाही तिला स्वस्तातलं, हा हिशेब मला पटला नाही. मी म्हटलं, वरचा फरक मी माझ्या सोयाबीनमधून भरते. तो म्हणाला, "पैशाचा प्रश्नच नाही माय, तुह्या आरामाचा हाये." पैशाचा प्रश्न असता तर मी समजून घेतलं असतं. पैशाचा नाही म्हटल्यावर राग दुप्पट झाला.

संध्याकाळी शेजारीण आली. मी ओट्यावर तोंड पाडून बसलेली.

"काय झालं व?"

"सासूले विनाथांबा, मायले बदलीचं."

मी सगळं सांगितलं. तिनं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. "अवं, पण विमानच हाये ना? मी तं अजून विमान खालूनच पाह्यलं."

"तुले नाही समजत."

"मले बरोबर समजते. तुले नुसतं विनाथांबा नाही पाह्यजे. तिले बदलीचं मिळालं पाह्यजे, तव्हा तुह्या पोटात थंडक पडीन."

ती उठून गेल्यावर मी विचार केला. खरंच होतं.

निघायच्या आधी विहिणीचा फोन आला. "विहीणबाई, तुम्ही किती धीट हो! मला तर विमान बदलायचं म्हटलं की धडकीच भरते. पण आमच्या जावयानं अगदी काळजीनं बघून तिकीट काढलं." आमचा जावई. माझा मुलगा कोणाचा तरी आमचा जावई आहे, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं. मी म्हटलं, "हो, लहानपणापासून काळजी घेणाराच हाये, मी तसा वाढवला." आणि फोन ठेवला.

दोघींची विमानं तिकडं एकाच दिवशी, थोड्या अंतरानं पोचणार होती, म्हणजे त्याला विमानतळावर एकच खेप. माझं आधी निघणार, तिचं नंतर, आणि तरी दोघी बरोबरच पोचणार. याचाही मला राग होता.

मुंबईच्या विमानतळावर पुतण्यानं सोडलं आणि आत गेल्यागेल्या माझ्यासमोर चाकाची खुर्ची आली. मुलानं सांगून ठेवली होती. पाय धड असले तरी म्हाताऱ्या माणसांसाठी ती मागवून ठेवतात, म्हणजे ढकलणारा माणूस सगळे कागद दाखवतो आणि बरोबर दारापर्यंत नेतो. इंग्रजीची गरज पडत नाही. मी धीट म्हणून बदलीचं आणि धीट असून खुर्ची. मी बसले. पण पाय पायदांडीवर ठेवले नाहीत, उचलूनच धरले, कारण मला लंगडी समजलेलं चालणार नव्हतं. थोड्या वेळानं पोटऱ्या दुखायला लागल्या, तेव्हा ठेवले.

आखातात उतरल्यावर आम्हा सगळ्या खुर्चीवाल्या म्हाताऱ्यांना एका कोपऱ्यात रांगेनं लावलं, स्टँडवर दुधाचे कॅन उतरवून ठेवतात तसं. एक गुजराती, दोन तेलंगणाच्या, एक पंजाबी. पंजाबी बाईनं विचारलं, "आपको चलने में तकलीफ है?" मी म्हटलं, "नहीं. आपको?" ती म्हणाली, "मुझे भी नहीं." मग आम्ही दोघी उठलो आणि फिरायला गेलो. खुर्च्या ढकलणारा माणूस मागून ओरडत आला. तो बिहारचा होता, मी त्याला हिंदीतून सांगितलं की पळून जाऊन जाणार कुठं. त्यानं आम्हाला चहाची जागा दाखवली.

खोटं कशाला सांगू, ते बरं होतं. फरशीवर गालिचा, पाय पसरून बसता येईल अशा लांब खुर्च्या, तोंड धुवायला गरम पाणी. मी डब्यातली भाकर आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. गुडघे मोकळे झाले. चहा पाणचट होता, पण कप मोठा होता. हे सगळं होत असताना माझ्या डोळ्यांसमोर विहीण होती. खिडकीला डोकं टेकून झोपलेली, कुठंही न थांबता जाणारी. त्यामुळं मला त्या चहाची चव आली नाही.

मी वेळेवर पोचले. मुलगा दारातच उभा होता. पाया पडला, पिशवी घेतली आणि लगेच वर लावलेल्या पाटीकडं बघायला लागला. सासूच्या विमानाला उशीर होता. मला एका खुर्चीत बसवून तो फेऱ्या मारायला लागला. पाटीशी जायचा, फोन बघायचा, परत यायचा. मी बघत बसले. माझं विमान वेळेवर आलं, म्हणून माझ्यासाठी कोणी फेऱ्या मारल्या नाहीत. वेळेवर येण्याचा हाही एक तोटा.

बऱ्याच वेळानं विहीण आली. तीही चाकाच्या खुर्चीत, पण ती खरंच बसलेली होती. पाय सुजून खांबासारखे झालेले, चपला हातात. केस विस्कटलेले. मुलगा धावला. "आई, काय झालं?"

वारा उलटा होता म्हणे, आणि विमान वाकड्या वाटेनं नेलं होतं, म्हणून तेल पुरेना. मग युरोपातल्या कुठल्या तरी गावाला ते खाली उतरवलं. तेल भरेपर्यंत सगळ्यांना आतच बसवून ठेवलं. मग आणखी कसली तरी परवानगी येईना, तोपर्यंतही आतच. उठायचं नाही, उतरायचं तर नाहीच.

मी म्हटलं, "मंग ते विनाथांबा नाही झालं."

विहीण म्हणाली, "थांबलं हो, पण उतरू दिलं नाही ना."

"म्हणजे थांबा झाला, उतरणं नाही झालं. आमची साधी गाडीबी उतरू देते. लोक वडा खाऊन येतात."

"माय!" मुलगा म्हणाला.

गाडीत ती पुढं बसली, पाय लांब करता यावेत म्हणून. मी मागं, सामानाबरोबर. घरी गेल्यावर सुनेनं एवढ्या अवघडलेल्या अंगानं पाणी तापवलं आणि मुलानं टबात मीठ टाकून सासूचे पाय त्यात ठेवले. गुडघ्यावर बसून ठेवले. मी वाटेत दोनदा विमानात बसून, पायांनी चालत त्या घरात आले होते, म्हणून मला कोणी बसा सुद्धा म्हटलं नाही. ज्याचे पाय धड त्याला टब नाही. माझ्या मनात आलं, त्या पंजाबी बाईबरोबर फिरायला गेले नसते तर बरं झालं असतं.

नात झाली. गोरी नाही, आमच्या वळणावर गेली आहे, आणि रडते तेव्हा आख्खं घर ऐकतं. विहिणीनं बाळंतपण केलं, चांगलं केलं, त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. मी शोधली होती. डिंकाचे लाडू दोघींनी आणले होते. सून एक दिवस तिचा खायची, एक दिवस माझा, आणि दोन्ही दिवस छान झालाय म्हणायची. मी मांडीवर बाळ घेऊन बसायची. नुसती.

दुपारी बाळाचे कपडे घड्या करताना मला करण्यासारखं एकच होतं. मी आखाताच्या गोष्टी सांगायची. गालिचा किती जाड होता. खुर्च्या कशा लांब होत्या, अगदी घरच्या खाटेसारख्या. चहा कसा फक्कड होता. अत्तराची दुकानं होती, वास फुकट घेता येत होता. एकेक दिवस तो थांबा वाढत गेला. विहीण घडी घालायची थांबून ऐकायची. तिनं माझं बोलणं कान देऊन ऐकलेलं मी तेव्हाच पाहिलं.

"आणि भीती नाही वाटली?"

"कायची भीती? खुर्चीवर बसाचं, नेतात."

परतायचे दिवस जवळ आले. एक दिवस मुलगा मला भाजी आणायला सोबत घेऊन गेला. गाडीत दोघंच होतो. तो म्हणाला, "माय, जायचं तिकीट काढा लागते. मागच्यासारखंच काढू ना?"

मी म्हटलं, "मले तिचं पाह्यजे."

"कोणाचं?"

"तुह्या सासूचं. विनाथांबा."

"अवं माय, पाह्यलं ना तू काय हालत झाली त्याईची? तुहे पाय सुजतीन."

"सुजू दे."

"तू तं रोज सांगून राह्यली का बदलीचं किती भारी होतं म्हून."

"ते तिले सांगत होती. तुले नाही."

त्यानं गाडी बाजूला लावली आणि माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "बरं. तुले पाह्यजे तं काढतो."

आता मला आनंद व्हायला हवा होता. पण तिला ते न मागता मिळालं होतं आणि मला भाजीच्या गाडीत मागून घ्यावं लागलं. तिकीट तेच, पण मागून घेतलेलं वेगळं दिसतं. मी कोथिंबिरीची जुडी मांडीवर घेऊन घरापर्यंत निवडत बसले.

रात्रीच्या जेवणाला त्यानं दोघींच्या तिकिटाचं काढलं, तेव्हा विहीण चष्मा पुसत म्हणाली, "मी काय म्हणते, मला या वेळी विहीणबाईंसारखं काढा. मध्ये थांबणारं. एकदा बघतेच मी तो गालिचा." मुलगा आणि सून एकमेकांकडं बघून हसले. सून तर तोंडावर ओढणी घेऊन हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मी एवढी मिनतवारी करून तिचं तिकीट घेतलं आणि तिनं ते असं सोडून दिलं, जुनी साडी द्यावी तसं.

एकाच दिवशी निघालो. मुलानं मला खिडकी मिळवून दिली. शेजारच्या दोन खुर्च्यांवर दोन धिप्पाड माणसं, विमान वर गेलं तशी झोपली ती मुंबई येईपर्यंत. त्यांना ओलांडून जायचं म्हणजे मेंढरांच्या कळपातून जाण्यासारखं. मी दोनदा उठवलं, मग लाज वाटली. पाणी कमी प्यायले. गुडघे धरले, मग कंबर धरली, मग काय काय धरलं ते सांगत नाही. आणि माझं विमान, तिच्यासारखं नाही, खरंच कुठं म्हणजे कुठं थांबलं नाही. खाली कुठलं तरी गाव दिवे लावून बसलेलं दिसायचं आणि निघून जायचं. मी खिडकीला डोकं टेकलं. तेव्हा मला ती एसटीतली बाई आठवली. ती झोपलेली नसणार. तिचे पाय दुखत असणार आणि धामणगाव बढेला उतरून चहा प्यावा असं तिला वाटत असणार.

मुंबईला चपला पायात जाईनात. खुर्ची आली तेव्हा मी मुकाट बसले आणि पाय पायदांडीवर ठेवले. पुतण्या बाहेर उभा होता. त्यानं माझा फोन चालू करून दिला. घरातल्या माणसांचा आमचा एक ग्रुप आहे, त्यावर विहिणीचा फोटो आला होता. आखातातला. लांब खुर्चीवर पाय पसरून बसलेली, हातात मोठा कप, शेजारी कोणी तरी नवीन मैत्रीण, दोघी हसत होत्या. माझा गालिचा मागं दिसत होता. मी सांगितलं होतं तेवढा जाड नव्हता, पण तिच्या तोंडावरून तसं वाटत नव्हतं.

खाली माझ्या मुलानं लिहिलं होतं, 'वा आई! आता तुम्ही कुठेही जाल!'

मी ते दोनदा वाचलं. विनाथांबाचं मी समजू शकत होते, टबाचं समजू शकत होते, आमचा जावई सुद्धा. पण हे वाक्य माझं होतं. इतके दिवस मी त्या वाक्यावर रागावले होते, म्हणून काय ते कोणालाही देऊन टाकायचं?

मी तिथंच, खुर्चीत बसूनच, त्याला फोन लावला.

"पोचली काय माय? पाय कसे हायेत?"

"सुजले."

"मी म्हटलं होतं तुले."

"पुढच्या खेपेले मले बदलीचं काढ."

"बरं. अन् आईले?"

"तिले विनाथांबा काढ," मी म्हटलं. "ती घाबरते."